इंट्यूनमधील उपकरणांची माहिती मायक्रोसॉफ्ट ग्राफमधून कशी काढावी

संस्थेचे लॅपटॉप आणि फोन मायक्रोसॉफ्ट इंट्यून या उपकरणे सांभाळण्याच्या सेवेत नोंदवलेले असले, की त्यांची यादी ॲडमिन सेंटरच्या पडद्यावर केव्हाही पाहता येते. परंतु तीच यादी दर सोमवारी सकाळी ठराविक रकान्यांसह हवी असेल, मालमत्ता नोंदवहीतल्या अनुक्रमांकांशी ताडून पाहायची असेल, किंवा पंधरा दिवसांत एकदाही संपर्कात न आलेली यंत्रे आपोआप वेगळी काढायची असतील, तर पडद्यावरून हाताने उतरवून घेण्याची पद्धत फार काळ चालत नाही. या कामासाठी मायक्रोसॉफ्ट ग्राफ ही वेब एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला इंटरनेटवरून माहिती मागवण्याची सोय, आहे. ॲडमिन सेंटरमध्ये दिसणारी बहुतेक माहिती तिच्यामार्फत प्रोग्रॅमने मागवता येते. त्यासाठी टेनंटकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील संस्थेच्या स्वतंत्र जागेकडे, इंट्यूनचा चालू परवाना मात्र असावा लागतो.

या मार्गदर्शिकेचा भर केवळ वाचनावर आहे. यंत्र दूरस्थपणे पुसणे, कुलूपबंद करणे, धोरण बदलणे ही कामेही याच एपीआयने होतात, पण त्यांचा विचार इथे केलेला नाही. माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला त्या कामांची परवानगी असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिपीबद्दल एक सूचना आरंभीच देतो. पत्ते, रकान्यांची नावे आणि परवानग्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहाव्यात. रकान्याच्या नावात पहिला शब्द लहान अक्षराने सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे असते. उदाहरणार्थ, ‘मॅनेज्डडिव्हायसेस’ यात ‘मॅनेज्ड’ लहान अक्षराने आणि ‘डिव्हायसेस’ मोठ्या अक्षराने सुरू होते.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी

ग्राफ एक्सप्लोरर नावाचे मायक्रोसॉफ्टचे एक पान ब्राउझरमध्ये उघडते. कोणताही कोड न लिहिता विनंती पाठवून उत्तर कसे येते, ते तिथे पाहता येते. लॉगिन न करता विनंती पाठवली तर एका नमुना टेनंटची माहिती परत येते. अनेकांचा इथे गोंधळ होतो, कारण यादी येते, पण त्यातले एकही यंत्र ओळखीचे नसते. म्हणून आधी आपल्या खात्याने लॉगिन करावे, पद्धत ‘गेट’ (माहिती मागवण्याची) ठेवावी आणि पुढील पत्ता द्यावा:

ग्राफ.मायक्रोसॉफ्ट.कॉम/व्ही१.०/डिव्हाइसमॅनेजमेंट/मॅनेज्डडिव्हायसेस

पहिल्या प्रयत्नात ४०३ हा त्रुटिक्रमांक आला तर ‘मॉडिफाय परमिशन्स’ या टॅबमध्ये जाऊन ‘डिव्हाइसमॅनेजमेंटमॅनेज्डडिव्हायसेस.रीड.ऑल’ ही परवानगी मंजूर करावी. ती मंजूर करण्याचा अधिकार आपल्या खात्याला नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती करावी.

पत्त्यातील ‘व्ही१.०’ या भागाच्या जागी ‘बीटा’ घातले, तर काही जास्तीचे रकाने मिळतात. कुतूहलापोटी पाहायला हरकत नाही, पण बीटातील रचना पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते. महिनोन्‌महिने चालणारा अहवाल त्यावर उभारू नये.

उत्तर आले, की त्यातील एकच नोंद निवांतपणे वाचावी. समजा ती अशी आहे: ‘डिव्हाइसनेम’ या रकान्यात ‘एलटी-लेखा-०१४’, ‘ऑपरेटिंगसिस्टिम’मध्ये विंडोज, ‘ओएसव्हर्जन’मध्ये १०.०.२२६३१ आणि त्यापुढे एक टिंब व एक आकडा, ‘कंप्लायन्सस्टेट’मध्ये ‘कंप्लायंट’ (संस्थेच्या नियमांत बसणारे), आणि ‘लास्टसिंकडेटटाइम’मध्ये २०२५-०३-०३टी०४:१२:२७झेड. या पाच रकान्यांतले तीन असे आहेत, की सरळ वाचले तर चुकीचा अर्थ निघू शकतो. त्यांच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

ॲपची नोंदणी आणि परवानगी

माणूस लॉगिन करून माहिती पाहतो तेव्हा त्या माणसाच्या अधिकाराने ती मिळते. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र स्वतःची ओळख लागते, आणि ती मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी या संस्थेची खाती सांभाळणाऱ्या सेवेत ॲपची नोंदणी करून मिळते. एंट्रा आयडी म्हणजे पूर्वीचे अझुर ॲक्टिव्ह डिरेक्टरी. हे नाव २०२३ मध्ये बदलले. जुन्या मार्गदर्शिकांत जुने नाव दिसले तरी वस्तू तीच आहे. मात्र ‘अझुर एडी ग्राफ’ या नावाची एक वेगळी, जुनी एपीआय होती. तिचा पत्ता कुठे दिलेला दिसला तर ती मार्गदर्शिका बाजूला ठेवावी.

एंट्रा ॲडमिन सेंटरमध्ये ‘ॲप रजिस्ट्रेशन्स’ आणि त्यात ‘न्यू रजिस्ट्रेशन’ निवडावे. ॲपला असे नाव द्यावे, की दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी वाचले तरी त्याचे काम आणि त्याची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे हे कळेल. ‘टेस्ट१’ असे नाव दिलेली ॲप्स कोणीही हटवू धजत नाही आणि ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात. खात्यांचा प्रकार विचारला जाईल तेव्हा फक्त आपल्याच डिरेक्टरीतील खाती हा पर्याय घ्यावा. रीडायरेक्टचा पत्ता रिकामा सोडावा. या पद्धतीत त्याची गरज पडत नाही. नोंदणी झाल्यावर जे पान उघडते त्यावरील दोन ओळख क्रमांक टिपून घ्यावेत: ॲपचा, म्हणजे क्लायंट आयडी, आणि डिरेक्टरीचा, म्हणजे टेनंट आयडी.

त्यानंतर ‘एपीआय परमिशन्स’मध्ये जावे. मायक्रोसॉफ्ट ग्राफ निवडल्यावर दोन प्रकार समोर येतात, आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. डेलिगेटेड परवानगीत ॲप हे लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने काम करते. त्या माणसाला इंट्यूनमध्ये फक्त पुणे शाखेची यंत्रे पाहण्याची मुभा असेल, तर ॲपलाही तेवढीच दिसतात. ॲप्लिकेशन परवानगीत मागे माणूस नसतो, त्यामुळे ही मर्यादाही नसते, आणि संपूर्ण टेनंटमधील प्रत्येक यंत्राची नोंद ॲपला वाचता येते. आपोआप चालणाऱ्या कामासाठी दुसराच प्रकार लागतो. म्हणून तर त्यात केवळ वाचनाची परवानगी घ्यावी, आणि नावात ‘रीडराइट’ किंवा ‘प्रिव्हिलेज्डऑपरेशन्स’ असलेली परवानगी ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून घेऊन ठेवू नये. सीक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, चुकून बाहेर गेले, तर केवळ वाचनाच्या परवानगीत माहिती फुटते. या जास्तीच्या परवानग्या असतील तर सगळे लॅपटॉप एका रात्रीत पुसले जाऊ शकतात.

परवानगी यादीत आली म्हणजे ती लागू झाली असे नव्हे. तिच्यासाठी ॲडमिनची संमती लागते. ग्राफच्या ॲप्लिकेशन परवानग्यांना संमती देण्याचा अधिकार ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर किंवा प्रिव्हिलेज्ड रोल ॲडमिनिस्ट्रेटर यांच्याकडे असतो. त्यांनी ‘ग्रँट ॲडमिन कन्सेन्ट’ दाबल्यावर ओळीसमोर हिरवी खूण दिसते. ती दिसेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता राहिले सीक्रेट. ‘सर्टिफिकेट्स अँड सीक्रेट्स’मध्ये नवे सीक्रेट तयार केल्यावर शेजारी शेजारी दोन मजकूर दिसतात: ‘व्हॅल्यू’ आणि ‘सीक्रेट आयडी’. प्रोग्रॅमला द्यायची ती ‘व्हॅल्यू’. ती एकदाच पूर्ण दिसते. पान सोडून परत आलात की फक्त पहिली काही अक्षरे उरतात. घाईत ‘सीक्रेट आयडी’ उतरवून घेतला जातो आणि मग टोकन मागताना ७०००२१५ हा क्रमांक असलेली त्रुटी येते. ती दिसली तर बाकी काही न तपासता आधी हेच तपासावे. पोर्टलमधून सीक्रेटची मुदत जास्तीत जास्त २४ महिन्यांची देता येते, परंतु सहा महिन्यांची देऊन नियमाने बदलत राहणे अधिक बरे.

सीक्रेट स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहू नये. ते अझुर की व्हॉल्टसारख्या तिजोरीत ठेवावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे सीक्रेटऐवजी सर्टिफिकेट वापरणे. आणि प्रोग्रॅम अझुरमध्येच चालणार असेल, तर मॅनेज्ड आयडेंटिटी (अझुरनेच सांभाळलेली प्रोग्रॅमची ओळख) वापरली म्हणजे सांभाळायला गुपितच उरत नाही.

टोकन मिळवणे

ग्राफला प्रत्येक विनंतीसोबत टोकन, म्हणजे थोड्या वेळापुरते प्रवेशपत्र, लागते. ते वेगळ्या पत्त्यावरून मिळते. ‘लॉगिन.मायक्रोसॉफ्टऑनलाइन.कॉम’, त्यापुढे आपला टेनंट आयडी आणि त्यापुढे ‘ओऑथ२/व्ही२.०/टोकन’ असा तो पत्ता आहे. तिथे ‘पोस्ट’ पद्धतीने चार गोष्टी पाठवायच्या: क्लायंट आयडी, सीक्रेटची व्हॅल्यू, ‘ग्रँट_टाइप’ म्हणून ‘क्लायंट_क्रेडेन्शियल्स’ आणि ‘स्कोप’ म्हणून ग्राफचा मूळ पत्ता व त्याला जोडून ‘/.डिफॉल्ट’. स्कोपमध्ये एकेका परवानगीचे नाव लिहून चालत नाही. ‘डिफॉल्ट’ म्हणजे या ॲपला आधीच मंजूर झालेल्या सर्व परवानग्या. हा मजकूर जेसन म्हणून न पाठवता साध्या फॉर्मच्या स्वरूपात पाठवावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तरात आलेले टोकन नंतरच्या प्रत्येक विनंतीच्या ‘ऑथोरायझेशन’ हेडरमध्ये ‘बेअरर’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि मग टोकन असे घालावे. त्याचे आयुष्य साधारण तासाभराचे असते; नेमके किती सेकंद ते ‘एक्स्पायर्स_इन’ या रकान्यात सांगितलेले असते. या पद्धतीत रिफ्रेश टोकन मिळत नाही, मुदत संपली की नवे मागायचे. दर विनंतीला नवे टोकन मागणे मात्र अनावश्यक आहे. पायथन, डॉट नेट वगैरे भाषांसाठी असलेली ‘एमसॅल’ ही मायक्रोसॉफ्टची लायब्ररी वापरली, तर टोकन साठवून ठेवणे आणि मुदत पाहून नवे मागवणे ही कामे तीच करते. पॉवरशेल वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट ग्राफचे मोड्यूल उपलब्ध आहे. त्यात जोडणीसाठी ‘कनेक्ट-एमजीग्राफ’ आणि यादीसाठी ‘गेट-एमजीडिव्हाइसमॅनेजमेंटमॅनेज्डडिव्हाइस’ अशा आज्ञा आहेत.

यादी मागवणे, आणि ती पूर्ण मागवणे

एका यंत्राच्या नोंदीत कितीतरी रकाने असतात आणि त्यांतील बहुतेक आपल्या कामाचे नसतात. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन ‘$सिलेक्ट’ लिहावे, त्यापुढे बरोबरीचे चिन्ह आणि हव्या त्या रकान्यांची नावे स्वल्पविरामाने वेगळी करून द्यावीत. उत्तर लहान येते, लवकर येते, आणि गरज नसलेली वैयक्तिक माहिती आपल्या हाती येतच नाही. मालमत्ता नोंदवहीसाठी मी साधारणपणे आयडी, डिव्हाइसनेम, सिरियलनंबर, ऑपरेटिंगसिस्टिम, ओएसव्हर्जन, कंप्लायन्सस्टेट, लास्टसिंकडेटटाइम, एनरोल्डडेटटाइम आणि मॅनेज्डडिव्हाइसओनरटाइप एवढेच रकाने घेतो. यातला शेवटचा रकाना यंत्र संस्थेचे की कर्मचाऱ्याचे स्वतःचे ते सांगतो, आणि अहवालात या दोहोंची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये.

गाळणीसाठी ‘$फिल्टर’ आहे. ‘ऑपरेटिंगसिस्टिम इक्यू’ आणि पुढे एकेरी अवतरणचिन्हांत ‘विंडोज’ असे लिहिले, की फक्त विंडोजची यंत्रे येतात. ‘लास्टसिंकडेटटाइम एलई’ आणि पुढे तारीख दिली, की त्या तारखेनंतर एकदाही संपर्क न झालेली यंत्रे मिळतात. इथे तारखेला अवतरणचिन्ह नसते.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. ग्राफ सगळी यादी एका उत्तरात देत नाही. ती पानापानांनी देते, आणि मॅनेज्ड डिव्हायसेसच्या बाबतीत एका पानावर जास्तीत जास्त १,००० नोंदी असतात. आणखी नोंदी शिल्लक असतील तर उत्तराच्या वरच्या भागात ‘@ओडेटा.नेक्स्टलिंक’ नावाचा रकाना येतो आणि त्यात पुढच्या पानाचा पूर्ण पत्ता दिलेला असतो. तो रकाना नसेल तेव्हाच यादी संपली असे समजावे. म्हणजे प्रोग्रॅमने पहिली विनंती पाठवायची, ‘व्हॅल्यू’ या भागातील नोंदी आपल्या यादीत जमा करायच्या, नेक्स्टलिंक आहे का ते पाहायचे, असेल तर त्यावर जशीच्या तशी विनंती पाठवायची, आणि तो येईनासा होईपर्यंत हेच करत राहायचे. पुढच्या पानाचा पत्ता स्वतः रचण्याचा प्रयत्न करू नये, त्यातील लांबलचक खुणेची मोडतोड करू नये, आणि ‘या पानावर १,००० पेक्षा कमी नोंदी आहेत, म्हणजे यादी संपली’ असा तर्कही करू नये. पान अर्धे भरलेले असून पुढे पान असणे शक्य आहे.

हे इतके ठासून सांगण्याला कारण आहे. एका संस्थेत मी पाहिलेला अहवाल कित्येक महिने बरोबर १,००० यंत्रे दाखवत होता. यंत्रे त्याहून बरीच जास्त होती, पण आकडा गोल आणि भारदस्त असल्यामुळे कोणालाच शंका आली नव्हती. पहिल्या पानानंतर थांबलेल्या प्रोग्रॅमने कोणतीही त्रुटी दाखवली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने सगळे सुरळीत होते. दरम्यान हजाराच्या पुढची यंत्रे एन्क्रिप्टेड (डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली) आहेत की नाहीत, हे कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून गोल आकडा दिसला, की मी आधी नेक्स्टलिंक तपासतो.

पडताळणीचा एक सोपा मार्ग आहे. ‘डिव्हाइसमॅनेजमेंट/मॅनेज्डडिव्हाइसओव्हरव्ह्यू’ या पत्त्यावर विनंती पाठवली तर नोंदवलेल्या यंत्रांची एकूण संख्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमनुसार विभागणी मिळते. आपण जमा केलेल्या नोंदींची संख्या तिच्याशी ताडावी. दोन्ही आकडे अगदी तंतोतंत जुळतीलच असे नाही, कारण मधल्या वेळेत नोंदणी होत असते. पण फरक शेकड्यात असेल तर आपले काहीतरी चुकले आहे.

रकाने वाचताना

आता त्या नमुना नोंदीकडे परत येऊ. ग्राफमधून मिळते ते यंत्राचे या क्षणाचे चित्र नव्हे, तर यंत्राने शेवटच्या संपर्कात जे सांगितले त्याची नोंद. इंट्यूनमध्ये यंत्रे साधारण दर आठ तासांनी हजेरी लावतात, पण बंद पडलेला, कपाटात ठेवलेला किंवा हरवलेला लॅपटॉप काहीच सांगत नाही, आणि त्याची जुनी नोंद जशीच्या तशी यादीत राहते. म्हणून कोणताही दुसरा रकाना वाचण्याआधी लास्टसिंकडेटटाइम वाचावा. ‘एन्क्रिप्टेड आहे’ या विधानाशेजारी ‘चार महिन्यांपूर्वी’ असे असेल, तर ते विधान अहवालात वेगळ्या रकान्यात जायला हवे.

ही वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. शेवटचे ‘झेड’ तेच सांगते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. वरच्या उदाहरणातील ०४:१२:२७ म्हणजे आपल्याकडील सकाळचे ९ वाजून ४२ मिनिटे. यूटीसीनुसार संध्याकाळी साडेसहानंतरचा प्रत्येक संपर्क भारतात दुसऱ्या दिवसाचा असतो, त्यामुळे केवळ तारीख कापून घेणारा प्रोग्रॅम एका दिवसाने चुकतो. आधी वेळ बदलावी, मग तारीख काढावी. काही तारखांच्या रकान्यांत ०००१-०१-०१ असे वर्ष दिसेल. त्याचा अर्थ ‘माहिती नाही’ एवढाच घ्यावा, नाहीतर ‘किती दिवसांपूर्वी’ या गणितात सात लाखांहून मोठे आकडे येतात आणि सरासरीचे वाटोळे होते.

‘कंप्लायंट’ हा शब्द वाचताना त्याहून जास्त सावधगिरी हवी. इंट्यूनमध्ये एक मूळ सेटिंग असे आहे, की ज्या यंत्राला कोणतेच कंप्लायन्स धोरण लावलेले नाही ते कंप्लायंट धरले जाते. म्हणजे ज्याची परीक्षाच झाली नाही तेही उत्तीर्णांच्या यादीत. हे सेटिंग बदलून अशा यंत्रांना नॉन-कंप्लायंट ठरवता येते आणि माझ्या मते ते बदलावेच; पण बदललेले नसेल तर अहवालातील ‘९८ टक्के कंप्लायंट’ या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. दुसरे सेटिंग मुदतीचे आहे: यंत्राने ठरलेल्या काळात, मुळात ३० दिवसांत, आपली स्थिती कळवली नाही तर ते नॉन-कंप्लायंट ठरते. त्यामुळे नॉन-कंप्लायंट यादीत खरोखर बिघडलेली यंत्रे आणि नुसती गप्प बसलेली यंत्रे एकत्र येतात. त्यांना वेगळे करायला पुन्हा लास्टसिंकडेटटाइमच लागतो. या दोन्हींखेरीज ‘इनग्रेसपीरियड’ (सवलतीची मुदत चालू असलेले), ‘कॉन्फ्लिक्ट’, ‘एरर’, ‘अननोन’ अशाही स्थिती असतात. त्यांना ‘इतर’ म्हणून एका गठ्ठ्यात टाकू नये. ‘इनग्रेसपीरियड’मधले यंत्र उद्या काय होणार, हे आजच ठाऊक असते.

ओएसव्हर्जनचा आरंभ पाहून विंडोज १० आणि ११ वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्हींच्या सुरुवातीला १०.० च असते. तिसरा भाग, म्हणजे बिल्डचा आकडा पाहावा लागतो. तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज ११. १९०४५ हा विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे ही विभागणी सध्या सगळ्यांनाच हवी असते. तुलना करताना टिंबांवर तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे संख्येत रूपांतर करावे, अक्षरे म्हणून तुलना करू नये. तसे केल्यास ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठे ठरते.

साठवणुकीचे रकाने बाइट्समध्ये असतात. २५६ जीबीची म्हणून विकत घेतलेली डिस्क १०२४ ने तीनदा भागल्यावर २३८ च्या आसपास दिसते. यात डिस्क खराब नाही आणि एपीआयही चुकीची नाही, मोजण्याची एकके वेगळी आहेत. रॅमच्या रकान्यात मात्र यादी मागवल्यावर शून्य येते. ‘फिजिकलमेमरीइनबाइट्स’ आणि ‘इथरनेटमॅकॲड्रेस’ यांसारखे काही रकाने यादीत खरी किंमत देतच नाहीत. त्यासाठी एकेका यंत्राच्या आयडीने स्वतंत्र विनंती करून ‘$सिलेक्ट’मध्ये त्या रकान्याचे नाव द्यावे लागते. अशा खूप विनंत्या असतील तर ‘$बॅच’ या पत्त्यावर एका खेपेत २० पर्यंत विनंत्या एकत्र पाठवता येतात.

आणखी एक गल्लत आयडीची. इंट्यूनमधील यंत्राचा आयडी वेगळा, एंट्रातील त्याच यंत्राच्या नोंदीचा ऑब्जेक्ट आयडी वेगळा, आणि एंट्रातील डिव्हाइस आयडी तिसराच. दिसायला तिन्ही सारखेच लांबलचक. दोन याद्या जोडायच्या असतील तर इंट्यूनच्या नोंदीतील ‘अझुरएडीडिव्हाइसआयडी’ आणि एंट्राच्या नोंदीतील ‘डिव्हाइसआयडी’ हे दोन रकाने जुळवावेत. यंत्राच्या नावावरून जोडणी करू नये. पुन्हा नोंदणी झालेला लॅपटॉप एकाच नावाने दोनदा सापडणे नेहमीचेच आहे.

त्रुटी आल्यास

४०१ म्हणजे टोकन नाही, संपले आहे किंवा चुकीच्या स्कोपचे आहे. ४०३ म्हणजे टोकन ठीक आहे पण परवानगी नाही. संमतीची हिरवी खूण आहे का ते पाहावे, आणि संमती आत्ताच दिली असेल तर नवे टोकन मागवावे, कारण जुन्या टोकनात नवी परवानगी नसते. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या. त्या उत्तराच्या हेडरमध्ये ‘रिट्राय-आफ्टर’ असते आणि त्यात किती सेकंद थांबायचे ते लिहिलेले असते. तेवढे थांबावे आणि मगच तीच विनंती पुन्हा पाठवावी. पाच विनंत्या एकाच वेळी सोडून काम लवकर उरकण्याचा प्रयत्न इथे उलटतो. ५०३ किंवा ५०४ आल्यास प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत काही वेळा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही, तर अर्धवट यादी अहवाल म्हणून पुढे न पाठवता प्रोग्रॅमने स्पष्ट अपयश नोंदवावे.

यंत्रे फार असतील तर

हजारो यंत्रांचा पूर्ण तक्ता हवा असेल तर पानापानांनी मागवण्याऐवजी निर्यातीचा मार्ग सोयीचा आहे. ‘डिव्हाइसमॅनेजमेंट/रिपोर्ट्स/एक्स्पोर्टजॉब्स’ या पत्त्यावर ‘पोस्ट’ पद्धतीने ‘रिपोर्टनेम’ म्हणून ‘डिव्हायसेस’ पाठवावे. उत्तरात कामाचा आयडी मिळतो. थोड्या थोड्या वेळाने त्या आयडीवर विनंती करून ‘स्टेटस’ पाहावा. ‘कंप्लीटेड’ झाल्यावर ‘यूआरएल’ रकान्यात झिप फाइलचा पत्ता येतो आणि तिच्यात सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली मजकूर फाइल, असते. हा पत्ता थोडाच काळ चालतो, म्हणून फाइल लगेच उतरवून घ्यावी. या तक्त्यातील स्तंभांची नावे आधीच्या यादीतील रकान्यांशी जुळतीलच असे नाही, त्यामुळे जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा याच्यावर चालवू नये.

मिळालेली माहिती ठेवताना

सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, की आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, १५ अंक ३.५ई+१४ अशा रूपात दिसू लागतात आणि शून्याने सुरू होणाऱ्या अनुक्रमांकांचे पहिले शून्य नाहीसे होते. ती फाइल तशीच साठवली तर नुकसान कायमचे. त्याऐवजी रिकामी वही उघडून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आणावी आणि हे स्तंभ ‘टेक्स्ट’ प्रकारचे ठरवावेत. फाइल आपणच लिहीत असू, तर ती बीओएमसह (फाइलच्या आरंभीची लिपिसंकेताची खूण) यूटीएफ-८ मध्ये लिहावी. नाहीतर देवनागरीत ठेवलेली नावे एक्सेलमध्ये उघडताच चिन्हांचा ढीग होतात.

इंट्यूनच्या नोंदीत वापरणाऱ्याचे नाव, ईमेल, फोन क्रमांक आणि आयएमईआय असतात, आणि ही माणसांची माहिती आहे. भारतात अशा माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा आहे. मालमत्तेच्या मोजणीला ज्याची गरज नाही ते ‘$सिलेक्ट’मध्येच टाळावे, म्हणजे नंतर लपवण्याची किंवा खोडण्याची वेळ येत नाही. जुने साप्ताहिक तक्ते किती दिवस ठेवायचे हेही ठरवून घ्यावे आणि मुदत झालेले काढून टाकण्याचे काम त्याच प्रोग्रॅमला द्यावे.

शेवटी प्रोग्रॅम वेळापत्रकावर लावताना दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक वेळी किती पाने वाचली, किती नोंदी मिळाल्या आणि काम कधी संपले याची एक ओळ नोंदवावी, आणि मागच्या खेपेपेक्षा संख्या दहा टक्क्यांहून जास्त घटली तर माणसाला ईमेल जावा. दुसरी गोष्ट, सीक्रेट किंवा सर्टिफिकेटची मुदत संपण्याच्या तारखेआधी महिनाभर, एका व्यक्तीच्या नव्हे तर विभागाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये आठवण लावावी. त्या नोंदीत ॲपचे नाव, क्लायंट आयडी आणि नवे सीक्रेट कोणत्या तिजोरीत ठेवायचे ते लिहावे, म्हणजे त्या दिवशी कामावर जो कोणी असेल त्याला ते बदलता येईल.